अकराव्या सेलची तहान

३ फेब्रुवारी, सोमवार

मामा,

नमस्कार, पाया पडते, सगळं आलं त्यात.

तुला फोन करायचा नाही हे मी गेल्या खेपेलाच ठरवलं. तू पलीकडून नुसता "हो, हो" म्हणतोस आणि मी काय बोलले ते तुला शेवटपर्यंत कळत नाही. हँगरने तुझे कान खाल्ले, आता पत्रच बरं. आपलं छोटं विमान, टिटवी, सोमवार, बुधवार, शुक्रवार तुमच्याकडे येतंच. तिच्या टपालाच्या थैलीत सकाळी टाकलं की जेवायच्या आधी तुझ्या हातात.

तुझ्या जागेवर बसून मला सहा महिने झाले, तरी बॅटरीच्या खोलीला अजून सगळे "मास्तरांची खोली"च म्हणतात. भिंतीवर तुझा फोटो आहे. मी चुकीचा पाना उचलला की तो माझ्याकडे बघतो, शप्पथ.

तर काम असं. टिटवीची चार नंबरची बॅटरी माझ्या टेबलावर आहे, नेहमीच्या तपासणीला. टिटवी सध्या सुट्या बॅटरीवर उडतेय. तू गेल्यापासून ही बॅटरी पहिल्यांदाच माझ्या हातात आली. चार्ज संपल्यावर तू शिकवलंस तसं एकेका सेलचं बूच उघडून सिरिंजने पाणी दिलं आणि कोणी किती घेतलं ते लिहीत गेले. वीसपैकी एकोणीस सेल आठ, नऊ, दहा मिली प्याले. अकराव्याने घेतलं चार.

तूच सांगायचास ना, जास्त पिणाऱ्या सेलकडे सगळे बघतात, खरं बघायचं ते कमी पिणाऱ्याकडे. आतला पातळ पडदा फाटला की गॅस बाहेर न जाता आतच परत पाणी होतो. मग त्याला तहान लागत नाही, तो नुसता तापत बसतो. मी हाताची पाठ लावून पाहिली. शेजाऱ्यांपेक्षा कोमट आहे.

पण तपासणीच्या कार्डावर तो पास आहे! व्होल्ट मर्यादेच्या केसभर वर, क्षमता ठीक. पाण्याच्या रकान्यात मर्यादा आहे ती फक्त जास्तीची. कमी पिणाऱ्याला कार्डावर गुन्हाच नाही.

आणखी दोन गोष्टी. अकराव्याच्या बुचाभोवती आणि खाली पेटीत पांढरा क्षार साचला होता, पाणी वर आल्यासारखा. तुझ्या हातच्या बॅटरीवर पांढरं? मी घासून काढला. आणि तुझ्या खणात एक जुनी सिरिंज सापडली, तिच्या दांड्यावर लाल दोरा घट्ट गुंडाळलाय. तो कशाला रे?

काय वाटतं ते लगेच कळव.

तुझी,
ठकू

*

५ फेब्रुवारी, बुधवार

ठके,

पत्र मिळालं. अक्षर अजून कोंबडीच्या पायांचंच आहे, सुधार.

एका आकड्यावर माणसाने नाचू नये. पुन्हा एकदा पूर्ण चार्ज कर, पुन्हा मोज. सिरिंजचं तोंड आधी तपास, त्यात क्षार अडकला की ती खोटं बोलते. चार्ज संपल्यावर किती वेळाने पाणी दिलंस? घाई केली असशील. तुला लहानपणापासून घाई. शाळेत जाताना एका पायात बूट आणि एका पायात चप्पल घालून गेलेली मुलगी तू.

कोमट लागला म्हणतेस. ती बाजू खिडकीकडे येते, उन्हाचा ताप असेल.

दोऱ्याचं काही नाही. जुनी सवय. टाकून दे.

मामीचं पत्र आलं. ताईची तब्येत आता चांगली आहे, बाळही बाळसं धरतंय. दोन महिने झाले मामीला लेकीकडे जाऊन, मी रोज पिठलंभात करून कंटाळलो. ती शुक्रवारी चौदा तारखेला टिटवीने परत येतेय. तू तिला विमानात बसवून दे, ती सामान फार घेते.

मामा

*

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मामा,

सिरिंज नवी घेतली. तोंड तपासलं. चार्ज झाल्यावर घड्याळ लावून थांबले. खिडकीला पुठ्ठा लावला. चार म्हणजे चारच. आणि पुठ्ठा लावूनही कोमट. आता बोल.

मी काल बॅटरी, कार्ड आणि पाण्याच्या नोंदींची तुझी वही घेऊन साहेबांकडे गेले. तुझेच शिष्य ते, तुझं नाव निघालं की खुर्चीत सरळ होऊन बसतात. त्यांनी नियम दाखवला: कार्डावर पास असलेला सेल काढायचा तर सलग तीन तपासण्यांत पाणी उतरत गेलेलं दिसलं पाहिजे. म्हणून आम्ही दोघांनी वही उघडली. अकराव्याच्या नावावर असं निघालं: आधी आठ, मग सात, मग तुझ्या शेवटच्या दोन तपासण्यांत नऊ आणि नऊ. आणि आता माझे चार.

साहेब म्हणाले, "बघ, उतरत होता, मास्तरांनी परत नऊवर आणला. हाताला गुण आहे त्यांच्या." मग त्या दोन पानांवरून बोट फिरवत म्हणाले, "वीसच्या वीस सेल नऊ! एका रांगेत! याला म्हणतात देखभाल. आणि तू म्हणतेस मध्येच एकदम चार? मोजण्यात तुझीच काहीतरी गडबड आहे."

मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं म्हणून सांगू! कारण त्यांचं चूक तरी कुठे आहे? तुझी वही आणि माझी सहा महिन्यांची नोकरी समोरासमोर ठेवली तर मीसुद्धा वहीवरच विश्वास ठेवला असता.

पण मामा, विचार कर. हवेत इंजिन बॅटरीला सारखं चार्ज करत असतं. फाटक्या पडद्याचा सेल तापतो, तापला की जास्त करंट ओढतो, ओढला की आणखी तापतो. इथे टेबलावर मी बटण बंद करू शकते. तिथे एकोणीस माणसांच्या पायाखाली त्याला कोण आवरणार?

नवे सेल भांडारात नाहीत. मागवले तर तीन आठवडे लागतात आणि तोवर टिटवी जमिनीवर, कारण सुटी बॅटरी दुसऱ्या विमानाला हवी आहे. म्हणून वरून तगादा चाललाय. बुधवारी मी सही करायची, गुरुवारी बॅटरी बसवायची, शुक्रवारी उड्डाण. मामीचं.

तू साहेबांना दोन ओळी लिही ना. तुला तेव्हा काहीतरी वेगळं जाणवलं असेल. नऊ लिहिताना सेल हाताला कसा लागला होता? तुझ्या शब्दाला इथे वजन आहे, माझ्या नाही.

ठकू

*

१० फेब्रुवारी, सोमवार

ठकू,

एकतीस वर्षं मी ती खोली सांभाळली. माझ्या बॅटरीने कधी विमान खाली उतरवलं नाही. मला आता तुझ्यासमोर एकेका नऊचा हिशेब द्यायचा का?

वहीत जे लिहिलंय ते लिहिलंय. साहेबांना लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही. तो हाताखाली शिकलाय, त्याला कळतं. कार्ड पास म्हणतंय, तुझे वरिष्ठ पास म्हणतात, मग तू कोण मोठी लागून गेलीस? सही कर. नोकरी पक्की व्हायला तुझे अजून सहा महिने बाकी आहेत, आत्ताच वाकड्यात शिरू नकोस. तुझ्या आईला मी शब्द दिलाय.

मामा

ता. क. ते पांढरं नक्की किती होतं? फक्त अकराव्याभोवतीच की इतरांच्याही?

*

१२ फेब्रुवारी, बुधवार, सकाळ

मामा,

सही केली.

तू म्हणालास म्हणून केली हे मात्र लक्षात ठेव. तुझ्यावर रागावून लिहीत नाहीये, राग कालच संपला. आता नुसती भीती आहे.

पांढरं फक्त अकराव्याभोवती होतं. लहान चमचाभर निघालं. इतर एकोणीस स्वच्छ. कशाला विचारलंस ते कळलं नाही. विचारण्यासारखं असेल तर तू सांगशीलच, असं मी स्वतःला सांगतेय.

बॅटरी उद्या दुपारी बसेल. मामीला परवा मी सोडायला जाईन. तिची बॅग मी भरून ठेवलीय, त्यात तुझ्यासाठी स्वेटर आहे.

ठकू

*

१२ फेब्रुवारी, बुधवार, दुपारी पाऊण

ठकू,

धावपट्टीवरच्या ऑफिसातून लिहितोय. आज मला घरी थांबवेना, म्हणून टपालाची थैली उतरायच्या आधीच इथे येऊन बसलो होतो. तुझं पत्र उभ्याउभ्याच वाचलं. टिटवी अजून अर्धा तास इथे आहे, सुट्या बॅटरीवर. तेवढ्यात हे लिहून कॅप्टनच्या हातात द्यायचंय. अक्षर हललंय, ते का हललंय तेच सांगतो.

ते नऊ खोटे आहेत.

निवृत्तीच्या आधी सात महिने माझे हात कापायला लागले. डोळ्यांतही पडदा आला होता, सिरिंजवरच्या रेघा एकमेकींत मिसळायच्या. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मला भांडारात बसवलं असतं, पावत्या फाडायला. मला त्या खोलीतूनच मान ताठ ठेवून बाहेर पडायचं होतं. मग दांड्यावर नऊच्या रेघेशी लाल दोरा बांधला. दोरा नळीच्या मागच्या तोंडाशी अडेपर्यंत दांडा ओढायचा, ओतायचं, पुढचा सेल. सगळ्यांना नऊ, वहीत नऊ. बघायची गरज नाही, मोजायची गरज नाही.

अकरावा सात घेत होता ते मला माहीत होतं. पुढे सहा, पाच असं उतरत गेला असणार. मी त्याच्यात नऊ ओतत होतो. उरलेलं वर यायचं, मी फडक्याने पुसायचो. जे पुसलं गेलं नाही ते तू घासलंस. पहिल्या पत्रात तू पांढरं म्हणालीस तेव्हाच मला सगळं कळलं होतं. ठके, दहा दिवस कळूनसवरून मी तुला उन्हाच्या आणि घाईच्या गोष्टी सांगितल्या. एका पायात बूट म्हणून तुला हसलो. तुझं मोजणं बरोबर होतं. पहिल्या दिवसापासून.

आता आणखी एक, आणि हे तू विसरू नयेस म्हणून लिहितो. "तिची बॅग मी भरून ठेवलीय" हे वाक्य मी वाचलं आणि मग कागद मागितला. तिच्या जागी दुसरी कुणी बाई बसणार असती तर मी आज लिहिलं असतं का? मला माहीत नाही. अर्ध्या तासात खोटं बोलायलाही वेळ नाही, म्हणून खरं सांगतो, मला माहीत नाही.

सोबत दुसरं पाकीट आहे, साहेबांच्या नावाचं. त्यात हेच लिहिलंय, सहीनिशी. ते त्याला दे. माझी लाज राखायला जाऊ नकोस. तुझी सही पुसायला दुसरा मार्ग नाही.

कॅप्टन घड्याळ दाखवतोय.

मामा

*

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मामा,

हे पत्र मामीच्या हाती पाठवतेय. टिटवी हँगरमध्ये उभी आहे, म्हणून मामी बसने येतेय. अठरा तासांचा प्रवास आहे, ती तुझ्यावर जाम तापलीय, दार उघडताना जपून.

कॅप्टनने बुधवारी संध्याकाळी दोन्ही पाकिटं दिली. माझं मी तिथेच वाचलं. तुझ्यासाठी रडले आणि तुझ्यावर चिडले, दोन्ही एकदम, जिन्यावर बसून. साहेबांचं पाकीट मी लगेच दिलं नाही. हे तुला सांगायलाच हवं. गुरुवारी सकाळी ते माझ्या एप्रनच्या खिशात होतं. मी विचार करत होते, अकरावा सेल हातातून पाडू का? फुटला तर आपोआप बाद होईल आणि तुझं नाव कुठेच येणार नाही. सेल सोडवायला पाना खरंच हातात घेतला होता रे. तेवढ्यात साहेब आले, म्हणाले, "चल, बसवूया." मी पाना ठेवला आणि पाकीट काढून दिलं.

त्यांनी उभ्यानेच वाचलं. मग चष्मा काढून पुसला. मला फक्त एवढंच म्हणाले, "तुझं कार्ड दे." आणि माझी सही खोडून शेजारी स्वतःची केली. दुपारी आम्ही अकरावा रिकामा करून कापला. पडदा काळपट, कुरकुरीत, हात लावला की तुकडे. मधोमध माझी करंगळी जाईल एवढं भोक. साहेब म्हणाले, आणखी चार-सहा उड्डाणं, फार तर.

त्यांनी तुझा फोटो उतरवला. रागाने नाही, फडक्याने पुसून खणात ठेवला. खिळा तसाच आहे. माझी नजर सारखी तिकडे जाते.

आता मुख्य गोष्ट. त्या सात महिन्यांत तुझ्या हाताखालून आठ बॅटऱ्या गेल्या. चार नंबर धरून तिघींच्या पानांवर सरसकट नऊ आहेत. उरलेल्या दोघी साहेबांनी कालच उतरवून घेतल्या. पण पाच राहतात, त्या अजून माझ्या टेबलावर आलेल्याच नाहीत, आणि त्या पाचही आज पाच विमानांत उडताहेत. त्यांचे आकडे वरखाली आहेत, आठ, दहा, नऊ, सात, जसे खरे असतात तसे. साहेब म्हणतात, हे मोजलेले दिसतात. मीही पानं दहा वेळा पाहिली. मलाही मोजलेलेच दिसतात.

ते खरे आहेत का, मामा? हे तुझ्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. खालच्या दुकानात फोन करून निरोप ठेवता आला असता, पण हा प्रश्न तुला दुकानदाराने विचारायचा? मला जमलं नाही. चूक असेल माझी. मामी पोचली की लगेच उत्तर दे.

ठकू

*

१५ फेब्रुवारी, शनिवार

ठकू,

मामी सकाळी आठला पोचली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिने तुझं पत्र माझ्या हातात दिलं. ती काय काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण चेहऱ्यावरून सगळं कळलं.

वाचून झाल्याबरोबर तिला खाली फोनवर पाठवलं. तिने तुला एवढंच सांगितलं असेल: पाचही. तिने दोनदा सांगितलं आणि साहेबाकडून विमानांचे नंबर परत म्हणवून घेतले, असं ती म्हणते. पाचही उतरवायचं तो कबूल झाला हे ऐकूनच ती वर आली. आता हे सविस्तर लिहितोय, कागदावर सही असावी म्हणून.

एकही आकडा मोजलेला नाही. पहिल्या तीन बॅटऱ्यांना मी सरळ नऊ लिहीत सुटलो. मग एकदा साहेबाने माझ्या पाठीवर थाप मारली, "मास्तर, वीसच्या वीस सारखे कसे हो आणता?" त्या दिवशी भ्यालो. पुढच्या पाचांना ओतले नऊच, पण लिहिताना एखादा आठ, एखादा दहा, मध्ये एक सात असं टाकत गेलो. एकतीस वर्षं खरे आकडे पाहिल्यावर खोटे चांगले जमतात. तुला आणि त्याला ते कधीच ओळखता आले नसते. ते मी आणि माझी सिरिंज, दोघांतच राहिलं असतं.

बुधवारी मी लिहिलं होतं की मामी नसती तर लिहिलं असतं की नाही, मला माहीत नाही. तीन दिवस तेच मला टोचत होतं. मामीला फोनवर पाठवण्याआधी मी विचारलं, या पाच विमानांच्या मार्गावर आपलं कुणी आहे का? ताई, तिच्या सासरचे, तुझी आई, कुणीही? तिने डोकं खाजवून विचार केला आणि मान हलवली. कुणी नाही. मग म्हटलं, जा, सांग.

तुझ्या आईला मी लिहितोच आहे. तू पाना खाली ठेवलास हेही तिला लिहिणार आहे. तुझी नोकरी राहील की नाही ते साहेब ठरवेल, पण तुझी वही कुणाला कधी दोनदा तपासावी लागणार नाही. माझी लागली.

फोटो खणातच राहू दे. मी पहिल्या पत्राच्या उत्तरात दोरा टाकून दे म्हणालो होतो, तू टाकला नसशील अशी आशा आहे. ती सिरिंज त्या रिकाम्या खिळ्याला दोऱ्यासकट टांग. खोलीत नवीन कुणी शिकायला आलं आणि विचारलं, तर कुणाची होती ते सांग.

मामा